मच्छिंद्राने सोडलेले मासे

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, गर्भगिरीच्या डोंगरात, सावरगावजवळ मायंबा आहे. मच्छिंद्रनाथांची समाधी इथेच, अशी नाथभक्तांची श्रद्धा. त्यांच्या बालपणीची कथा धुंडीसुत मालूंच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या १८१९ सालच्या ग्रंथामुळे मराठी घराघरांत पोचली. कामिक कोळ्याने वाढवलेला हा पोरगा पाच वर्षांचा झाला तेव्हा बापाने त्याला यमुनेवर मासे धरायला नेले. कामिक जाळ्यातले मासे त्याच्याकडे द्यायचा आणि मच्छिंद्र त्यांची तडफड बघून एकेक मासा पुन्हा पाण्यात सोडायचा. बाप चिडला, त्याने पोराला मारले. मासे सोडलेस तर खाशील काय, भीक मागणार का, असे त्याने विचारले. मुलाने तो सवाल मनावर घेतला, भिक्षा पत्करली आणि घर सोडले.

भाविक ही कथा मच्छिंद्राच्या बाजूने ऐकतात. पण कामिकचा सवालही तितकाच खरा आहे, आणि गळ टाकून बसणाऱ्या कुणालाही या दोघांच्या मधून वाट काढावी लागते.

गोदावरी बीडच्या उत्तर सीमेवरून वाहते, सिंदफणा तिला जाऊन मिळते, मांजरा पाटोद्याच्या बालाघाटात उगम पावते. पावसाळा ओसरला, डोहांत आणि बंधाऱ्यांत पाणी निवळले, की गळाचे दिवस येतात. सामान थोडके लागते: बांबूची काठी, तंगूस, बूच, शिशाचा मणी, गळ आणि गांडूळ किंवा कणकेची गोळी. सगळी कला मात्र त्या बुचात आहे. बूच आणि गळ यांच्यात किती अंतर ठेवायचे हे कोणता मासा धरायचा त्यावर ठरते. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. शिसे एवढेच लावायचे की बुचाचे फक्त टोक पाण्यावर राहावे; बूच ओढायला जड गेले तर मासा आमिष टाकून देतो. वाहत्या धारेत बूच पाण्याबरोबर सोडायचे आणि दोरी किंचित आवरून धरायची, म्हणजे आमिष बुचाच्या पुढे चालते. बूच थरथरले तर मासा अजून चाचपतो आहे. आडवे पडले तर आमिष तळाला टेकले आहे, किंवा माशाने ते वर उचलले आहे. तिरके होऊन पाण्यात शिरू लागले की हिसका द्यायचा.

धर्माचा प्रश्न त्या हिसक्यापाशीच उभा राहतो. हिसका वेळेवर बसला तर गळ बहुधा ओठात रुततो. उशीर झाला तर मासा आमिष गिळतो, गळ घशात किंवा पोटात जातो आणि काढताना आतले सगळे फाटते. म्हणून बुचावर नजर ठेवणे हे नुसते कौशल्य नाही, माशाचे हाल कमी करण्याची ती जबाबदारी आहे. रात्री गळ खुंटीला बांधून घरी झोपायला जाणारा ही जबाबदारी टाकून जातो.

माशाला दुखते का, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. अमेरिकेतल्या जेम्स रोझ यांनी २००२ साली मांडले की माणसासारखा मेंदूचा बाह्यस्तर माशाला नाही, म्हणून वेदनेची जाणीवही नाही. लगेच २००३ मध्ये ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या ओठांत ॲसिटिक ॲसिड टोचून पाहिले. ते मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत राहिले आणि बराच वेळ अन्नाकडे फिरकले नाहीत. शंका इतकी गंभीर असेल, तर तिचा फायदा मुक्या जिवालाच मिळायला हवा.

इंग्रजीत आयझॅक वॉल्टनने १६५३ साली गळाच्या छंदाला चिंतनाची बैठक दिली, तर पुढे कवी बायरनने त्याच छंदाला क्रौर्य म्हणून झोडपले. आपल्याकडेही आता मासा धरून, फोटो काढून सोडून देणारे हौशी वाढले आहेत. सोडला म्हणजे अहिंसा पाळली, असे त्यांना वाटते. हे पटणारे नाही. मच्छिंद्राने सोडलेले मासे त्याने धरलेले नव्हते, आणि सोडल्यावर तो पुन्हा धरायला गेला नाही. हौशी माणूस मासा धरतो तेच त्याच्या धडपडीची मजा घेण्यासाठी. ती मजा घेऊन झाल्यावर दाखवलेल्या दयेने आधीचे दुखणे पुसले जात नाही.

उलट, घरच्या कालवणापुरते दोन मासे नेणाऱ्याच्या बाजूने महाभारत उभे राहते. वनपर्वातला धर्मव्याध मिथिलेत मांस विकतो. कौशिक ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकायला येतो, तेव्हा नांगरटीतही असंख्य जीव मरतात याची आठवण तो करून देतो. बाजरी-कापसाच्या या जिल्ह्यात ती सहज पटावी. संपूर्ण अहिंसा कुणालाच जमत नाही, असे तो मानतो, पण म्हणून हिंसेला मोकळीक देत नाही. स्वतः तो जीव मारत नाही, मांसही खात नाही. गरज किती आणि हाव किती, याचा हिशोब त्याने सोडलेला नाही.

श्रद्धेने हा हिशोब काही ठिकाणी पाण्यातच मांडून ठेवला आहे. महाड तालुक्यात वाळण कोंडीच्या डोहातले महाशीर वरदायिनी देवीचे मानले जातात आणि तिथे त्यांना कुणी धरत नाही. बीडच्या नद्यांवरही प्रत्येक गावाने आपला एखादा डोह असा राखायला काय हरकत आहे? उन्हाळ्यात पात्र कोरडे पडते तेव्हा पुढच्या पिढीचे मासे अशाच डोहांत तग धरतात.

कायद्याने सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणे गुन्हा आहे. गळाला तशी बंदी नाही, म्हणून मर्यादा गळ टाकणाऱ्यानेच घालून घ्यायची. पहिल्या पुरात अंडी घेऊन प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे तरी धरू नका. तेवढे दिवस काठी घरीच ठेवा.