रंतिदेवाचे ताट

चातुर्मासातील प्रवचनमालेत आपल्या मंदिरात या वर्षी रंतिदेवाचे आख्यान झाले. अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपवासानंतर त्या राजापुढे थोडे अन्न आले, आणि तोच एकामागून एक अतिथी दारी उभे राहिले. राजाने ते अन्न त्यांस वाटून दिले, बरोबरच्या कुत्र्यांसही दिले. शेवटी उरलेले घोटभर पाणी समाजाने दूर लोटलेल्या एका तहानलेल्या मनुष्याच्या ओंजळीत ओतले. श्रीमद्भागवतातील ही कथा आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु त्याच रंतिदेवाची आणखी एक कथा महाभारतात आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. त्याच्या यज्ञांत इतके पशू मारले गेले की, त्यांच्या चामड्यांच्या राशींतून एक नदी वाहू लागली. तीच चर्मण्वती, म्हणजे ग्वाल्हेरकरांची शेजारीण चंबळ.

दोन्ही कथांत राजा दाताच आहे. भेद एवढाच की, एका कथेत तो स्वतःच्या ताटातले देतो, आणि दुसरीत त्याच्या पुण्याची किंमत इतरांचे प्राण भरतात. वन्य प्राणी व त्यांची वसतिस्थाने यांच्या रक्षणाचा विचार करताना हाच भेद आम्हांस पुन्हा पुन्हा आठवतो.

हे रक्षण एका अरण्यापुरते करून भागत नाही. त्याची आखणी अवघ्या राज्याची, किंबहुना शेजारच्या राज्यांसह करावी लागते. रणथंभोरचा वाघ चंबळ ओलांडून आपल्या बाजूच्या कुनो वनात येतो. त्यास तहसील आणि जिल्हा यांच्या सीमा ठाऊक नसतात. बारशिंग्याचे उदाहरण घ्यावे. कठीण भूमीवर राहणारी त्याची जात १९७० मध्ये कान्हा येथे अवघी ६६ उरली होती. एकच वन, एकच कळप. एखादी साथ वा एखादा वणवा आला असता तर ती जात संपली असती. पुढे काळजीपूर्वक रक्षण होऊन संख्या वाढली, आणि २०१५ मध्ये त्यांतील काही सातपुड्याच्या वनात नेऊन त्यांस दुसरे घर देण्यात आले. शहाणा गृहस्थ सर्व धान्य एकाच कणगीत ठेवीत नाही, तसेच हे.

नदीचेही तसेच आहे. चंबळेच्या चारशेहून अधिक किलोमीटर पात्रास १९७८-७९ च्या सुमारास अभयारण्याचे रूप आले, ते मुख्यतः लांब, निमुळत्या तोंडाच्या घडियाल मगरीसाठी. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या तिन्ही राज्यांस ते मिळून सांभाळावे लागते. तथापि २००७-०८ च्या हिवाळ्यात शंभराहून अधिक घडियाल मरून पडले, आणि त्याचे मूळ यमुनेच्या बाजूने माशांवाटे आलेल्या विषात असावे असा संशय घेतला गेला. दूरच्या कोणाच्या तरी सांडपाण्याने येथील जीव जातात, हे ध्यानी आले म्हणजे राज्यव्यापी योजना ही केवळ सरकारी कागद राहत नाही. ती शेजारधर्माचीच मोठ्या प्रमाणावरील मांडणी होय.

येथवर वाचकांपैकी कोणाचा मतभेद होईल असे वाटत नाही. कठीण प्रश्न पुढे आहे : या धर्माचा खर्च कोणी सोसावयाचा?

गीरच्या सिंहांसही दुसरे घर असावे, या रास्त हेतूने कुनोची निवड झाली. त्यासाठी गेल्या शतकाच्या अखेरीपासून चोवीस गावे तेथून उठविण्यात आली. सुमारे दीड हजार कुटुंबे, आणि त्यांत बहुतांश सहरिया. साळईचा डिंक, मोह, तेंदूची पाने यांवर ज्यांचे वर्ष निघत असे, त्यांना वनाबाहेर जमिनीचे तुकडे मिळाले. परंतु अनेक ठिकाणी ती जमीन खडकाळ निघाली व पाण्याची सोय अपुरी पडली. सिंह मात्र आले नाहीत. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना आणण्याचा आदेश दिला, तरीही आजवर आलेले नाहीत. त्याऐवजी १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते आले, पुढील फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा आले, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांतील दोन चंबळेवरीलच गांधीसागर अभयारण्यात नेण्यात आले. १९५२ मध्ये ज्या प्राण्यास आपण या देशातून नामशेष म्हणून जाहीर केले, तो पुन्हा येथील गवतात धावला, याचा आनंद आम्हांसही झाला. परंतु त्या दिवशी आम्ही दूरचित्रवाणीसमोर बसून टाळ्या वाजविल्या, तेव्हा त्या चोवीस गावांपैकी एकाचेही नाव आमच्या ओठांवर नव्हते.

काही सज्जन म्हणतील की, गावे उठली म्हणूनच तेथे चितळांचे कळप वाढले व शिकारी प्राण्यांस आणणे शक्य झाले. हे खरे आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही जागा प्राण्यांसाठी निवांत राखाव्याच लागतील. परंतु कार्य सफल झाले म्हणून ऋण फिटत नाही. उलट सफलतेने ते अधिक स्पष्ट होते. ज्याच्या त्यागावर आपले पुण्य उभे आहे, त्यास आधी विचारणे आणि नंतर न विसरणे, एवढे तरी धर्माने आपल्यावर बंधन घातलेच आहे. २००६ च्या वनाधिकार कायद्याने अशा प्रसंगी ग्रामसभेची स्वेच्छेची संमती आवश्यक ठरविली. कुनोतील ती गावे उठली तेव्हा तो कायदा नव्हता. म्हणून न्यायही नव्हता काय? न्याय कायद्याहून जुना आहे.

आता स्वतःकडे वळू. सहरियाने वन सोडले. आपण काय सोडले?

घडियालाची मादी मार्च-एप्रिलच्या सुमारास नदीकाठच्या वाळूत खड्डा करून अंडी घालते. पहिल्या पावसाच्या आगेमागे पिले बाहेर येतात. मुरैन्याजवळील देवरी केंद्रात काही अंडी आणून पिले वाढवितात आणि ती चारेक फूट लांबीची झाल्यावर नदीत सोडतात. परंतु जेथे सोडावयाची ते वाळूचे काठच रात्री ट्रॅक्टरांत भरून शहराकडे निघतात. अभयारण्यातील वाळू काढण्यास बंदी आहे, तरी ती निघते, कारण तिला गिऱ्हाईक आहे. या अवैध उत्खननाचे मोल माणसांनीही दिले आहे. ८ मार्च २०१२ रोजी मुरैना जिल्ह्यात चोरट्या दगडाचा ट्रॅक्टर अडविताना एक तरुण पोलीस अधिकारी त्याखाली चिरडला गेला.

हे गिऱ्हाईक कोण? सांगताना लाज वाटते, पण सांगितले पाहिजे. आपल्या सभामंडपाची फरशी नव्याने बसविताना ठेकेदाराने वाळू बरीच स्वस्त देऊ केली. ती पहाटेपूर्वी येऊन पडे. काटकसर झाली म्हणून कार्यकारी मंडळात आम्ही सर्वांनीच समाधान व्यक्त केले. ती कोठून आली हे एकानेही विचारले नाही. ती चंबळेची होती असे आम्ही म्हणू शकत नाही. नव्हती असेही म्हणू शकत नाही. ज्या मंडपात आम्ही रंतिदेवाची कथा ऐकली, त्याच्या पायाखाली काय आहे हे आम्हांस ठाऊक नाही, आणि न विचारण्याचे ते पाप आमचे आहे, ठेकेदाराचे नव्हे.

राज्याची योजना भोपाळास आखली जाईल. नकाशे, प्राण्यांच्या वाटा, अभयारण्यांच्या सीमा तेथे ठरतील. परंतु वाळूच्या ढिगापाशी जो गृहस्थ पावती मागतो, त्याच्यावाचून तो नकाशा कोराच राहील. म्हणून आमची सभासद कुटुंबांस विनंती आहे की, आपल्या घराच्या बांधकामात वाळू घेताना वाहतूक परवान्याची पावती पाहावी. मंदिराच्या उर्वरित कामासाठी मंडळाने तसा ठरावच करावा. वाळू महाग पडेल. तो फरक वर्गणी वाढवून नव्हे, तर यंदाच्या उत्सवातील महाप्रसादात एक पक्वान्न कमी करून भरून काढावा, असे आम्ही सुचवितो. आपल्या ताटातले थोडे काढून देण्याची सुरुवात तेथून होऊ शकेल.