‘रजनीगंधा’चे पुनर्दर्शन : एका मौनाचा नैतिक प्रश्न

बासू चॅटर्जी यांचा ‘रजनीगंधा’ (१९७४) विद्यार्थिदशेत पाहिला तेव्हा आम्हा मित्रांपुढे एकच वाद होता : दीपाने नवीनला निवडावे की संजयला? काही दशकांनंतर तो पुन्हा पाहताना हा वाद चित्रपटाने शीर्षकातच निकालात काढला होता, हे ध्यानात आले. मन्नू भंडारी यांच्या मूळ कथेचे नाव ‘यही सच है’. त्यातील दर्शक सर्वनाम फसवे आहे. कानपूरमध्ये त्याचा निर्देश एकीकडे, कलकत्त्यात दुसरीकडे. दैनंदिनीवजा निवेदनात प्रत्येक क्षणाचे सत्य त्या क्षणापुरते प्रामाणिक असते. चित्रपटाने स्थळे दिल्ली-मुंबई केली आणि नाव फुलांचे दिले. ही फुले संजय आणतो. म्हणजे कौल आधीच लागलेला.

कथेतील ‘मी’ही पडद्यावर विरळ होतो. मुंबईत टॅक्सीत नवीनशेजारी बसलेल्या दीपाच्या मनातील द्वंद्व व्यक्त होते ते मुकेशच्या, म्हणजे पुरुषाच्या, आवाजात. तिच्या अंतर्मनाला स्वतःचा स्वर उरत नाही, ही माझ्या मते या रूपांतराची सर्वांत मोठी हानी.

परंतु खरा प्रश्न याहून निराळा आहे. मुंबईत आपल्या मनात जे घडले ते दीपा संजयला सांगत नाही. नवीनच्या पत्रात नोकरीच्या वार्तेपलीकडे एखादे वाक्य अधिक असते, तर? जी निष्ठा अशा एका वाक्याच्या अभावावर तगली, तिला निष्ठा म्हणावे काय? तरुणपणी आम्ही ताडकन ‘नाही’ म्हटले होते. (१९७१ च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्येही अमोल पालेकर होते. एका स्त्रीच्या खासगी आयुष्यावर भरवलेल्या त्या खटल्याची आठवण आम्हांला तेव्हा का झाली नाही, कोण जाणे.) आज वाटते, मनाच्या प्रत्येक कंपाचा हिशेब जोडीदाराला देणे हे कर्तव्य ठरू शकत नाही. कृतीचा हिशेब द्यावा लागतो, आणि कृती तर घडलेलीच नाही.

हे उत्तर मला पुरेसे पटते. मात्र चित्रपट ते फार स्वस्तात मिळवून देतो. संजय विसरभोळा, उशिरा येणारा, कार्यालयाच्या गप्पांत रमणारा. त्याला काही सांगितले तरी तो ऐकेल कधी, असे वाटावे अशी ही योजना आहे. त्यामुळे दीपाच्या मौनाची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. अखेरीस तो फुले घेऊन येतो, बढतीची बातमी देतो. पूर्वी माझी नजर तेथे दीपावर खिळलेली असे. या खेपेस ती संजयवर राहिली. तो मनापासून आनंदात होता, आणि त्या खोलीत नुकतेच काय टळले याची त्याला गंधवार्ताही नव्हती.