देवतेचे स्वरूप : मीमांसक, वेदान्ती आणि आपण

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परांहून भिन्न, हा आपला सिद्धान्त सर्वांस पाठ आहे. परंतु यांतील देवतेविषयी बोलताना आपण भिक्षुकच पुष्कळदा घसरतो, म्हणून हा विचार.

चाळीसगावनजीक पाटणादेवीच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला व 1207 मध्ये निकुंभवंशीय सोइदेवाने त्यास दान दिले, हे त्यावरून कळते. त्यात भास्कराचार्यांस भाट्ट व प्राभाकर या दोन्ही मीमांसामतांत निष्णात म्हटले आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर महाराष्ट्रात विचरले ते याच शतकात. देवतेचा वाद खानदेशास परका नव्हता. देवतेस देहच नाही असे म्हणणाऱ्या मतांची ही प्रशस्ती देवीच्याच देवळात असावी, हाही एक योगच.

जैमिनिसूत्रांच्या नवव्या अध्यायावर शबरस्वामींनी हा विषय निर्भीडपणे मांडला आहे. यज्ञाचे फळ कर्मापासून उत्पन्न होणाऱ्या अपूर्वाने मिळते. देवतेस देह नाही, ती हवि खात नाही, संतुष्ट होत नाही, काही देतही नाही. ज्या नावाने आहुती टाकावयाची तो शब्द, एवढेच तिचे प्रयोजन. यावर पूर्वपक्षी म्हणतो, भ्रमर मध घेतो तशी देवता अन्नाचे सार घेते, म्हणून नैवेद्य नीरस होतो. शबर उत्तर देतात, अन्न वाऱ्याने व थंड झाल्याने नीरस होते! उत्तर मार्मिक खरे. पण असे म्हटल्यावर उपासकाच्या हाती शब्दाशिवाय काय उरते?

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्राच्या पहिल्या अध्यायातील देवताधिकरणात याचा प्रतिवाद केला. देवतांस देह आहे, आणि योगी जसा अनेक देह धरतो तशी एक देवता अनेक यज्ञांत उपस्थित राहू शकते. शिवाय एकाच ब्राह्मणास अनेकांनी एकाच वेळी नमस्कार केला तरी त्यास अनेक व्हावे लागत नाही. इथवर आपला विरोध नाही. परंतु देवतांस ब्रह्मविद्येचा अधिकार आहे व त्याही मुक्त होतात, हे पुढचे पाऊल आपणांस मान्य नाही. आपल्या मते जीव बद्धमुक्त, परमेश्वर नित्यमुक्त आणि देवता नित्यबद्ध. कर्मभूमीच्या देवतांपासून चैतन्यमायेपर्यंत नऊ थोवे आहेत. प्रत्येकीपाशी आपापले सुख आहे, सामर्थ्य आहे, आणि त्याची मर्यादाही आहे. त्या देतात, पण जे आपल्यापाशी नाही ते कोठून देणार?

आता घसरण कोठे होते ते सांगतो. मी तरुण असताना धुळ्याकडील एका गावी निरूपण करीत होतो. नुकताच उपदेश घेतलेल्या एका बाईस मी म्हणालो, “कानबाईचे रोट कशाला करता? तिथे काहीच नाही.” ती नम्रपणे म्हणाली, “बाबा, मंग मना पोऱ्या कसा वाचना?” तिने नवस केला होता व मुलगा दुखण्यातून उठला होता. मी गप्प झालो. अनन्यता रुजविण्याच्या घाईत मी शबरस्वामींचे मत सर्वज्ञांच्या नावावर खपविले होते. त्या बाईस खोटे पाडण्याचा मला काय अधिकार?

आपले शास्त्र जाणणाऱ्याने तिला असे म्हणावयास हवे होते : “माय, देवता आहे. तुला आरोग्य मिळाले असेल, ते मी नाकारीत नाही. तिने दिले ते तिच्या सीमेतले, आणि ते सरणारे. तू उपदेश घेतलास तो मुलाच्या दुखण्यासाठी, की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्यासाठी? ते सोडविणे तिच्या हाती नाही, ती स्वतःच नित्यबद्ध आहे.” हे ऐकून तिने रोट सोडले असते की नाही, मी सांगू शकत नाही. परंतु तिला विचार करण्याजोगे काही मिळाले असते, आणि मला त्या दिवशी खाली मान घालून उठावे लागले नसते.