सही कोणाची, जबाबदारी कोणाची?

पुण्यात घोरपडीच्या यार्डात गाडी पिट लाईनवर आली की फिटरचे काम सुरू होते. हातोडी व बॅटरी घेऊन तो डब्यांखाली उतरतो. ब्रेक, चाके, स्प्रिंगा तपासतो. या कामाला डोळे लागतात, तसा वेळही लागतो. आता समजा, कोणत्याही यार्डात माणसे कमी, गाड्या जास्त, आणि वरून हुकूम आला, ‘गाडी सोडा!’ हुकूम तोंडी राहतो. ब्रेकच्या दाखल्यावर सही मात्र खालच्या माणसाची होते. मग दोष कोणाचा?

डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ साली रेल्वे-सुरक्षेवरील अहवालात, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या हाती पुरेसे अधिकार नाहीत, असे नोंदवले. व्यवस्थापनाची ही उणीव नीतीलाही भिडते. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा नाही, त्याच्या ‘होय’वर विश्वास कसा ठेवावा?

भीतीपोटी खोटी सही करणारा निर्दोष ठरत नाही. पण त्याचा वेळ कापणारा अधिक दोषी आहे. म्हणून त्यानेही त्याच कागदावर सही करावी. रात्रीच्या गाडीत निर्धास्त झोपलेल्या प्रवाशाचे एवढे देणे आपण सारेच लागतो.