जवळपास सारखं

भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावर भाताची खाचरं लहान आणि बांध पुष्कळ. बांध कोरणारा शेजारी शेत एकदम बळकावत नाही. दर पावसाळ्यात चार बोटं आत येतो. यंदाचा बांध गेल्या सालच्यासारखा, गेल्या सालचा त्याच्या आधीसारखा. वीस वर्षांनी मोजणी आणली की गुंठाभर जमीन पलीकडे गेलेली असते. दर वर्षी 'सारखंच तर आहे' म्हणणारा खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत.

हेच 'सारखंच तर आहे' संगणकातही शिरतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये स्वतःची चिन्हं, म्हणजे ऑपरेटर, बनवता येतात. जमिनीच्या नोंदींसाठी कुणालाही मोह होईल असं एक चिन्ह म्हणजे 'जवळपास समान': दोन क्षेत्रांत दोन टक्क्यांहून कमी फरक असेल तर ती एकच धरायची. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, बोलण्यात गुंठे. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, आर साधारण १०७६ चा. बोलण्यात दोन्ही एकच. पण हेक्टरचे गुंठे भरतात ९८.८४. शंभर म्हणणाऱ्याचा गुंठ्याहून जास्त हिशेब चुकला.

चिन्ह बनवताना डेटाबेसला त्याच्याविषयी हमी देता येते. 'हॅशेस' म्हणजे समान ठरणाऱ्या नोंदी एकाच कप्प्यात पडतील, ही हमी. डेटाबेस ती पडताळत नाही, आपल्या शब्दावर विसंबतो. 'जवळपास'ला ती कप्पा ठरवणाऱ्या फंक्शनसह दिली तर सारखी क्षेत्रं वेगवेगळ्या कप्प्यांत पडतात, जुळणाऱ्या नोंदी गळतात आणि चूक झाल्याची सूचनाही येत नाही.

मग दुरुस्ती? 'ऑल्टर ऑपरेटर' या आज्ञेनं चिन्हाचा मालक बदलतो, स्कीमा बदलतो, किती नोंदी निघतील याचा अंदाज बांधणारं फंक्शन बदलतं. २०२४ च्या सतराव्या आवृत्तीपासून राहून गेलेली हमी नंतर देता येते. दिलेली मागे घेता येत नाही. नावही बदलत नाही. (त्याच साली मार्चमध्ये मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं राजगड केलं, चिन्हाच्या नशिबी तेवढंही नाही.) नवा अर्थ हवा तर जुनं चिन्ह काढून नवं घडवायचं. काढतानाही त्यावर काही विसंबून असेल तर डेटाबेस नकार देतो आणि कोण कोण विसंबलंय ते सांगतो.

हा हट्ट मला आवडतो. फेरफाराची रीत अशीच आहे: तलाठी नोंद घालतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. जुनं नाव पुसून टाकत नाहीत, कंस करून त्यावर आडवी रेघ मारतात.

पण मागचं दार उघडंच आहे. चिन्हाला हात न लावता त्याच्यामागच्या फंक्शनचा मजकूर बदलता येतो. चिन्ह तेच, नाव तेच, कुणाला नोटीस नाही. जुन्या अर्थावर रचलेले इंडेक्स मात्र तसेच राहतात आणि नव्या प्रश्नांना जुन्या हिशेबानं उत्तरं देत बसतात. त्यालाही बांध कोरणंच म्हणायचं, आणि तिथं तर मोजणीला बोलवायचं कुणाच्या मनातही येत नाही.