बॅटरी कुठं लावावी?

अंधारात माणसाला दोन गोष्टींचा आधार वाटतो : हातातली बॅटरी आणि शेजारचा माणूस. या दोन्हींची जागा पिस्तूल घ्यायला लागलं, की पंचाईत सुरू होते.

आमच्या शेजारच्या आप्पांकडे .३२ बोअरचं परवान्याचं पिस्तूल आहे. मार्केट यार्डात अडत, रात्री-अपरात्री रोकड घेऊन घरी येणं, म्हणून ते घेतलेलं. हल्ली पिस्तुलाखाली लावायच्या चिमुकल्या लाइटचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलंय. खूळ टेक्सासातल्या पुतण्याचं. तिकडे २०२१ पासून बहुतेक प्रौढांना कमरेला पिस्तूल लावायला परवानाही लागत नाही. त्यामुळे आपण चष्म्याची फ्रेम निवडावी तशी मंडळी लाइट निवडतात. पुतण्याच्या लाइटचा उजेड ५०० लुमेन, म्हणजे जुन्या ४० वॅटच्या बल्बाहून थोडा जास्तच. पण बल्ब आपला उजेड खोलीभर वाटतो. ही लाइट सगळा एकाच्याच तोंडावर ओतते.

"घ्यावी काय मालक?" आप्पांनी विचारलं.

मी आधी व्यवहाराच्या अडचणी काढल्या. आप्पांचं पिस्तूल जुन्या घडणीचं, नळीखाली लाइट अडकवायला खाचच नाही. असती, तरी लाइट लावलेलं पिस्तूल जुन्या म्यानात शिरत नाही; त्याच्या मापाचं नवं घ्यावं लागतं. शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ते चारचौघांत झाकून न्यायला हवं. सोलापूरच्या मे महिन्यात जिथं अंगावर सदरा नकोसा होतो, तिथं कमरेचा एवढा ऐवज झाकायचा म्हणजे चादर पांघरूनच हिंडावं लागेल. चादर गावचीच आहे, हे खरं!

पण खरी अडचण नीतीची. सुटी बॅटरी माणसाच्या पायांवर मारता येते, भिंतीवर मारता येते. पिस्तुलाला चिकटलेली बॅटरी जिकडे वळेल तिकडे नळीही वळते. म्हणजे 'हा कोण?' एवढं बघायचं, तरी आधी त्याच्यावर पिस्तूल रोखायचं. ओळख व्हायच्या आधीच निकालाची तयारी!

आणि आपल्या घरात रात्री तीनला हिंडतं कोण? उजनी भरलेलं असो की नसो, सोलापूरच्या नळांना वर्षानुवर्षं काही दिवसांआडच पाणी आलं, तेही कधी ऐन अपरात्री. अशा वेळी अंधारात भांड्याला भांडं लागलं, तर तो चोर असण्यापेक्षा सूनबाई असण्याचा संभव कितीतरी मोठा.

कायदा आप्पांच्या बाजूचा आहे. रात्री घर फोडणाऱ्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क प्रसंगी जीव घेण्यापर्यंत जातो. १८६० च्या दंडसंहितेत तो होता, २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही आहे. अट एवढीच, की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. पण कायद्याच्या पुस्तकात चोर हा चोर म्हणूनच येतो. घरात तो नुसता एक आवाज असतो.

दक्षिण आफ्रिकेतला धावपटू ऑस्कर पिस्टोरियस आठवा. १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे त्यानं न्हाणीघरातल्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत चोर आहे असं वाटलं, असं त्याचं म्हणणं. आत होती त्याची मैत्रीण रीवा स्टीनकॅम्प. २०१५ साली अपील न्यायालयानं त्याला खुनाचा दोषी ठरवलं. ५०० काय, ५००० लुमेनही बंद दारातून जात नाहीत. 'कोण आहे?' हा प्रश्न मात्र जातो. आणि थोडं थांबलं, तर उत्तरही परत येतं.

"आन् खरंच चोर असला तर? मी इचारत बसतो, तो सुरा काढतो!" आप्पा म्हणाले.

हा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. विचारण्यात एक क्षण जातो आणि त्याची किंमत सज्जनालाच मोजावी लागते, हे मान्य. पण तो क्षण वाचवला, तर ती रक्कम सूनबाईच्या नावे पडते. दोन्हींपैकी कुठला तोटा आपला म्हणायचा, हे अडत्याला मी काय सांगावं?

तेव्हा मी दोन सेलची साधी बॅटरी सुचवली आहे : ती उशाशी, पिस्तूल कुलपात. आप्पा म्हणतात, "चोर हसंल की हो!"

हसू दे. हसणारा माणूस अंधारातही ओळखू येतो.