गारव्याचा रास्त भाव

कडक उन्हाळ्यात एसी बसवण्याची मजुरी ठरवताना दोन गोष्टी एकाच वेळी मोजल्या जातात: करणाऱ्याचे श्रम आणि करवून घेणाऱ्याची नड. श्रमाचे मोल घ्यावे, याबद्दल दुमत नाही. नडीचे मोल घ्यावे का, हा नीतीचा प्रश्न आहे. ही नड फक्त वाळवंटातली नाही. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकमध्येही पारा चाळिशी ओलांडतो आणि मालेगाव, मनमाड, नांदगाव, येवला या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात झळ अधिक तीव्र असते. सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली म्हातारे माणूस तळमळत असेल, तर घरचे लोक मागेल तो भाव द्यायला तयार होतात. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण अशाच वेळची आहे.

या भावात काय काय येते ते आधी पाहिले पाहिजे. यंत्रासोबत आलेल्या पाइपपेक्षा जास्त लागणारा तांब्याचा पाइप, भिंतीला भोक पाडणे, बाहेरच्या युनिटचा स्टँड, पाण्याचा निचरा, वायरिंग आणि मेकॅनिक व हेल्पर यांची मजुरी, या सगळ्यांचा हिशेब मांडता येतो. उन्हाळा त्यात खरी भर घालतो. सातव्या मजल्याच्या भिंतीबाहेर, कमरेला पट्टा बांधून भर दुपारी केलेले काम आणि हिवाळ्यातल्या सकाळी केलेले काम सारखे नाही. आखाती देशांत तर उघड्यावरच्या कामाला उन्हाळ्यात दुपारी कायद्यानेच बंदी असते. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात साडेबारा ते तीन. दिवसाचे कामाचे तास घटले, की प्रत्येक कामावरचा खर्च वाढतो. यंत्राचेही तसेच. एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. पण ती सर्वसाधारणपणे बाहेरचे तापमान ३५ अंश धरून मोजलेली असते. अतिउष्ण प्रदेशांसाठी ४६ अंशांची वेगळी चाचणी आहे. बाहेर जितके तापते तितकी क्षमता घटते, म्हणून तेवढ्याच खोलीला मोठे यंत्र लागू शकते. जोखीम, वेळ आणि सामान यांमुळे वाढलेला भाव रास्त आहे. प्रश्न उरतो तो यापलीकडच्या वाढीचा.

अशा वाढीचे समर्थन करणारे म्हणतात की मागणी वाढली की भाव वाढणारच, आणि वाढलेला भावच अधिक कारागिरांना कामाकडे ओढतो. यात तथ्य आहे. ॲरिस्टॉटलनेही वस्तूंच्या देवघेवीला बांधून ठेवणारे माप म्हणून गरजेकडेच बोट दाखवले. पण सगळ्यांची मिळून होणारी मागणी वेगळी आणि समोरच्या एकट्याची अगतिकता वेगळी. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ थॉमस ॲक्विनासने हा भेद नेमका पकडला: वस्तू देताना विकणाऱ्याचे नुकसान होत असेल तर ते त्याने भावात धरावे, पण घेणाऱ्याला विशेष गरज आहे एवढ्याच कारणाने भाव चढवू नये, कारण ती गरज विकणाऱ्याची नाही, आणि जे आपले नाही ते विकता येत नाही.

भारतीय आणि इस्लामी परंपरा याच प्रश्नाकडे वेगवेगळ्या वाटांनी आल्या. कौटिल्याने देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा नफा मान्य केला. मजुरी आधी ठरली नसेल, तर कारागिराला त्याच प्रकारच्या इतरांना मिळते तेवढी किंवा जाणकार ठरवतील तेवढी द्यावी, असे त्याचे म्हणणे. म्हणजे निर्णय अडलेल्यानेही करायचा नाही आणि अडवणाऱ्यानेही नाही. वाळवंटी अरबस्तानात उगवलेल्या इस्लाममध्ये प्रेषित मुहंमदांनी महागाईच्या वेळीही भाव बांधून द्यायला नकार दिल्याची परंपरा आहे. तरीही लोकांना ज्यावाचून चालत नाही असे काम करणारे कारागीर अडवणूक करू लागले, तर सत्तेने रास्त मोबदला ठरवावा, असे इब्न तैमिया या धर्मशास्त्रज्ञाने पुढे मांडले.

जैन विचाराने बोट ठेवले ते भावाच्या आत लपलेल्या चोरीवर.  तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात अचौर्यव्रताला लागणाऱ्या दोषांमध्ये कमीअधिक मापे वापरणे आणि अस्सल म्हणून नक्कल देणे हे दोन्ही मोजले आहेत. एसीच्या कामात हे दोष जसेच्या तसे दिसतात. बारा फुटांचा पाइप लावून पंधरा फुटांचे बिल करणे हा पहिला; तांब्याच्या भावात दुसऱ्या धातूचा पाइप देणे हा दुसरा. त्याहून बारीक चोरी व्हॅक्यूमची. पाइप जोडल्यावर पंपाने आतली हवा आणि ओल पूर्ण काढून मगच गॅस सोडायचा असतो. पंप न लावता थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलली, तर यंत्र त्या दिवशी गारच हवा देते. आत राहिलेली ओल पुढे कॉम्प्रेसरला बाधते. ग्राहकाला हे कळत नाही, आणि म्हणूनच हे काम नीतीची खरी परीक्षा घेते. जास्त भाव निदान बिलावर दिसतो. न केलेले काम दिसतही नाही.

रास्त व्यवहाराचा एक जुना नमुना नाशिकमध्येच कोरलेला आहे. त्रिरश्मी लेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा दुसऱ्या शतकातला लेख आहे. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण नाणी दरमहा शेकडा एक व्याजाने कायम ठेव म्हणून ठेवले. वर्षाचे व्याज २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे, म्हणजे बरोबर २४०. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून दप्तरी नोंदवला गेला. रक्कम, दर आणि विनियोग तिन्ही उघड असल्यामुळे भिक्षूंना याचना करावी लागत नव्हती आणि विणकरांवर देण्याची वाढीव सक्ती होऊ शकत नव्हती. याच उषवदाताने नदीकाठी पाणपोया घातल्याचीही नोंद आहे. धर्मादायाचे पाणी फुकट, कारागिरांशी व्यवहार हिशेबाने: दान आणि व्यवहार या दोन गोष्टी त्याने एकमेकींत मिसळल्या नाहीत.

हा भेद आजच्या कामाला लावला की रास्त भावाच्या कसोट्या हाती येतात. भाव काम सुरू होण्याआधी, बाबवार आणि लेखी सांगितलेला असावा. पाइप फुटावर मोजून दाखवावा. उन्हाळ्याचा जादा आकार असेल तर तो सर्वांना सारखा असावा, घरातला आजारी माणूस पाहून ठरलेला नसावा. कोरड्या हवेत कूलरने भागत असेल तर तसे सांगावे, कारण ग्राहक मेकॅनिकच्या हातांइतकेच त्याच्या ज्ञानाचेही पैसे देत असतो. गरिबाला सूट द्यायची तर ती मालकाने आपल्या नफ्यातून द्यावी. हेल्परची हजेरी कापून दिलेली सूट हे दान नव्हे. ग्राहकावरही बंधन आहे. पट्ट्याशिवाय, भर उन्हात, कमी पैशांत काम उरकून घेण्यासाठी घासाघीस करणे म्हणजे कारागिराच्या नडीचे मोल वसूल करणे. ते तितकेच अन्यायाचे आहे.

ज्यांना रास्त भावही परवडत नाही त्यांचा प्रश्न यातून सुटत नाही. तीव्र उष्णतेत वृद्धांना आणि आजाऱ्यांना गारवा पाण्याइतकाच जीवनावश्यक ठरतो, आणि पाण्यासाठी समाजाने पाणपोई घातली, ती पाणक्याची मजुरी बुडवून नव्हे. गारव्याची तशी सोय करणे हे सबंध गावाचे कर्तव्य आहे. मेकॅनिकचे कर्तव्य त्याहून लहान, पण पक्के आहे: केलेल्या कामाचे पूर्ण घ्यावे, आणि समोरच्याच्या तगमगीचे काहीही घेऊ नये.